फुलपाखरांसाठी कुठे जावे? : एका प्रश्नाचा इतिहास

पक्षी पाहण्यासाठी प्रवास करणे आपल्याकडे आता रुळले आहे. भिगवणला रोहित पाहायला गेलो होतो, असे कोणी सांगितले तर ऐकणाऱ्याला नवल वाटत नाही. फुलपाखरे पाहण्यासाठी रजा टाकून निघालेला माणूस मात्र अजून थोडा विक्षिप्तच समजला जातो. तरी गेल्या काही वर्षांत अशा सहली वाढल्या आहेत. पाऊस ओसरू लागला की आंबोली, कारवार, कूर्ग अशी नावे ऐकू येतात. ज्यांना परवडते ते सिक्कीम-अरुणाचलकडे वळतात आणि त्याहून हौशी मंडळी मेक्सिकोची स्वप्ने पाहतात. जायचे कुठे, हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर बहुधा आकड्यांत मिळते: अमुक ठिकाणी इतक्या जाती, तमुक ठिकाणी तितक्या.

हे आकडे आले कुठून, याचे मला कुतूहल आहे. एखादे गाव ‘फुलपाखरांचे’ ठरते तेव्हा त्यामागे कोणी तरी आधी केलेला प्रवास असतो, कोणी तरी केलेली यादी असते. त्या प्रवासांचा हेतू मात्र एकच नव्हता. कोणी मिळवायला गेले, कोणी समजून घ्यायला राहिले, कोणी नुसते थक्क व्हायला गेले. आजच्या प्रवाशाने ठिकाण निवडताना या तिन्ही वाटांचा इतिहास पाहून घ्यावा, असे मला वाटते. कारण तो नकळत त्यांपैकी एक वाट निवडतच असतो.

पहिल्या वाटेवर मार्गारेट फाउंटेन ही विलक्षण इंग्रज बाई भेटते. १८६२ साली नॉरफक परगण्यात एका पाद्र्याच्या घरी ती जन्मली. नॉर्विचच्या कॅथीड्रलमधल्या एका गायकावरचे तिचे प्रेम निष्फळ ठरले, आणि काकाकडून आलेल्या वारशाने ती स्वतंत्र झाली. व्हिक्टोरियन काळातल्या अविवाहित स्त्रीला एवढे स्वातंत्र्य क्वचितच मिळे. बहिणीबरोबर ती स्वित्झर्लंडला गेली, तिथे फुलपाखरांच्या नादाला लागली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे जाळे घेऊन फिरत राहिली. युरोप, सीरिया, आफ्रिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असा तिचा संचार झाला. १९०१ साली दमास्कसमध्ये तिला खलील नैमी हा दुभाष्या भेटला. तो तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. पुढे तो तिचा सहकारी आणि सोबती झाला व मरेपर्यंत तिच्याबरोबर राहिला. १९४० साली त्रिनिदादमध्ये एका डोंगरवाटेच्या कडेला ती मरणासन्न अवस्थेत सापडली. तेव्हा तिचे वय सत्त्याहत्तर होते.

तिचा सुमारे बावीस हजार फुलपाखरांचा संग्रह नॉर्विच कॅसल म्युझियमला मिळाला. त्याबरोबर एक बंद पेटीही होती आणि १५ एप्रिल १९७८ पूर्वी ती उघडू नये अशी अट होती. पेटीतून तिच्या रोजनिशीचे बारा जाड खंड निघाले. पहिली नोंद बरोबर शंभर वर्षांपूर्वीची, १५ एप्रिल १८७८ची होती. लोकांचे लक्ष अर्थातच त्यातल्या प्रेमकथांकडे गेले. माझे लक्ष वेधून घेते ते दुसरेच. उडणारे फुलपाखरू पकडले तर त्याचे पंख बहुधा फाटलेले, विटलेले असतात. संग्रहासाठी निर्दोष नमुना हवा असेल तर अंडी किंवा सुरवंट शोधून ते वाढवावे लागतात. म्हणून फाउंटेनबाई सुरवंटांच्या मागे लागली, त्यांना कोणते पान चालते हे शिकली आणि त्यांची सुंदर जलरंगचित्रे तिने वह्यांत काढून ठेवली. निघाली होती मिळवायला. पण चांगले मिळवायचे तर समजून घ्यावे लागते, हे तिच्या कामानेच तिला शिकवले.

दुसरी वाट आपल्या दाराशी आहे. मुंबईत १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत एडवर्ड हॅमिल्टन एटकेन होता. हा साताऱ्यात १८५१ साली जन्मलेला स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा. ‘ईहा’ या नावाने तो खुसखुशीत निसर्गलेखन करी. पोटापाण्यासाठी तो मीठ आणि जकात खात्यात होता. बदलीने तो उत्तर कानडा जिल्ह्यात, कारवारला आला. तिथे जे. डेव्हिडसन हा सनदी अधिकारी होता आणि वनखात्यात टी. आर. बेल हा आयरिश तरुण होता. तिघांचीही नोकरीची कामे वेगळी होती, पण वेड एकच होते.

या तिघांनी जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर जो दीर्घ लेख लिहिला तो सोसायटीच्या जर्नलमध्ये १८९६ ते १८९८ या काळात क्रमशः आला. त्यातली नावांची यादी महत्त्वाची आहेच, पण खरे काम सुरवंटांचे आहे. कोणत्या जातीचा सुरवंट कोणत्या वनस्पतीवर वाढतो, तो कसा दिसतो, कोष कुठे बांधतो, हे त्यांनी एकेक सुरवंट घरी वाढवून नोंदवले. पुढे बेलने हेच काम एकट्याने चालू ठेवले. मैदानी भारतातल्या सर्वसाधारण फुलपाखरांवरची त्याची लेखमाला १९०९ ते १९२७ अशी अठरा वर्षे जर्नलमध्ये येत राहिली.

या कामाचे महत्त्व आजच्या प्रवाशाला सहज उमगणार नाही. आपण समजतो, फुले असतील तिथे फुलपाखरे असणार. आपल्या भाषेने नावातच तसे सुचवले आहे. फुलातला मध पिऊन उडणारे फुलपाखरू कुठलेही फूल चालवून घेते. त्याची मादी मात्र अंडी घालताना कमालीची चोखंदळ असते, कारण अंड्यातून निघणाऱ्या सुरवंटाला ठरावीक झाडांचीच पाने चालतात. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू रुईवर अंडी घालते. लाइम बटरफ्लाय लिंबावर किंवा परसातल्या कढीलिंबावर. सह्याद्रीत डोक्यावरून संथ तरंगत जाणारे, काळ्या-पिवळ्या पंखांचे सदर्न बर्डविंग हे भलेमोठे फुलपाखरू सापसंदाच्या कुळातल्या वेलींवाचून वाढतच नाही. फुलपाखराचा पत्ता सुरवंटाच्या पानावर लिहिलेला असतो. कारवारच्या या तिघांनी हे पत्ते गोळा केले. आज आपण एखाद्या ठिकाणी इतक्या जाती आहेत असे म्हणतो तेव्हा तिथे तितक्या प्रकारची पाने शिल्लक आहेत, असेच म्हणत असतो.

नंतरची पुस्तके याच पायावर उभी राहिली. ब्रिगेडियर इव्हान्सचे ओळख पटवण्याचे पुस्तक १९२७ साली निघाले; ते प्रामुख्याने हातात नमुना असलेल्यासाठी होते. राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य विंटर-ब्लिथ यांचे पुस्तक १९५७ साली आले. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक २००० साली, तर आयझॅक किहिमकर यांचा सचित्र ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. या प्रवासात जाळे हळूहळू मागे पडले. त्याची जागा आधी दुर्बिणीने आणि मग कॅमेऱ्याने घेतली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत पुढे अनेक फुलपाखरांची नावे आली आणि जे फाउंटेनबाईच्या काळी सभ्य माणसाचा छंद होते ते गुन्हा ठरले. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात कीटक गोळा करणाऱ्या दोघा झेक अभ्यासकांना अटक झाली, तेव्हा हा बदल जगाच्याही लक्षात आला.

जाळे गेले म्हणजे प्रवासी निरुपद्रवी झाला, असे मात्र नाही. तिसरी वाट, नुसते थक्क होण्याची, हेच सांगते. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर ‘फुलपाखरांची दरी’ म्हणून प्रसिद्ध जागा आहे. खरे तर ती पतंगांची दरी आहे. जर्सी टायगर नावाचे पतंग उन्हाळ्याच्या काहिलीत तिथल्या ओलसर, सावलीच्या झाडीत हजारोंनी येऊन विसावतात. बसलेल्या पतंगाचे पुढचे पंख काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. त्याआडचे लालभडक पंख उडतानाच दिसतात. ते दिसावेत म्हणून पर्यटक टाळ्या वाजवत, शिट्ट्या मारत. पतंगांचा थवा उडे, लाल रंग झळाळे, छायाचित्रे निघत. पण या काळात हे पतंग काही खात नाहीत; साठवलेल्या बळावर त्यांना विणीपर्यंत तग धरायचा असतो. प्रत्येक टाळीबरोबर ते बळ खर्च होत गेले आणि त्यांची संख्या घटली. आज तिथे आवाज करू नका अशा पाट्या आहेत. कोणी एकही पतंग पकडला नव्हता, सगळे फक्त पाहायलाच आले होते.

मेक्सिकोची कथा याहून गुंतागुंतीची आहे. कॅनडा आणि अमेरिकेतली मोनार्क फुलपाखरे हिवाळ्यात कुठे जातात, याचा शोध फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांची पत्नी नोरा कित्येक दशके घेत होते. पंखांना चिमुकले कागदी बिल्ले चिकटवून, हजारो हौशी लोकांच्या मदतीने. जानेवारी १९७५मध्ये त्यांचे सहकारी केन ब्रगर आणि मिचोआकानचीच कन्या असलेली कातालिना आग्वादो सेरो पेलोन या डोंगरावर पोचले. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांच्या फांद्या कोट्यवधी फुलपाखरांच्या ओझ्याने वाकल्या होत्या. १९७६च्या ऑगस्टमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर ही बातमी झळकली. गर्दी होईल या भीतीने अर्कहार्टनी नेमकी जागा गुप्त ठेवली. ते रहस्य फार काळ टिकले नाही.

जगाच्या दृष्टीने हा शोध होता, तिथल्या गावकऱ्यांच्या दृष्टीने नव्हे. ही फुलपाखरे नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या सणाच्या सुमारास येतात आणि पूर्वजांचे आत्मे म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाई. आपल्या पितृपक्षातल्या कावळ्याची आठवण व्हावी असाच हा भाव. १९८६ साली सरकारने ही राने संरक्षित केली, २००० साली क्षेत्र वाढवून छप्पन हजार हेक्टरांवर नेले, २००८ साली ते जागतिक वारसा ठरले. पण लाकूडतोडीवर जगणाऱ्या गावांचा रोजगार त्यात आटला. त्याच्या बदल्यात मिळाले ते पर्यटन, वर्षातून चारेक महिन्यांचे. एल रोसारिओ या गावाचे ओमेरो गोमेस गोन्सालेस पूर्वी स्वतः लाकूडतोडे होते. ते रानाचे रक्षक झाले, तिथल्या अभयारण्याचा कारभार पाहू लागले, पर्यटकांना बोलावू लागले. जानेवारी २०२०मध्ये ते बेपत्ता झाले आणि काही दिवसांनी त्यांचा मृतदेह एका विहिरीसारख्या तळ्यात सापडला. फुलपाखरांचे रान राखणे म्हणजे कोणाच्या तरी हितसंबंधांशी वैर घेणे, हे त्या परिसरात सगळे जाणून आहेत.

मोनार्कची मोजणी त्यांनी व्यापलेल्या झाडीच्या क्षेत्रफळावर होते. १९९६-९७च्या हिवाळ्यात ते अठरा हेक्टरांहून अधिक होते. २०१३-१४मध्ये एका हेक्टराहूनही कमी उरले. कारणे अनेक आहेत, आणि त्यांतले एक मोठे कारण मेक्सिकोत नाहीच. उत्तरेत, अमेरिकेतल्या शेतांत तणनाशकांनी मिल्कवीड नाहीशी झाली. ही आपल्या रुईच्याच कुळातली वनस्पती. मोनार्कचा सुरवंट फक्त तिच्यावर जगतो. पाहणारे हजारो मैलांवर डोंगरात तिकीट काढून उभे, आणि फुलपाखरांचा प्रश्न मक्याच्या शेताच्या बांधावर. कारवारच्या तिघांना हे ऐकून मुळीच आश्चर्य वाटले नसते.

आता आपल्या सुटीकडे वळतो. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. आंबोली घाटाच्या पायथ्याचे पारपोली हे फुलपाखरांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यालगत ओवळेकर वाडीत खाद्यवनस्पती लावून फुलपाखरांना बोलावले जाते. या तीनही गोष्टी मला आशादायक वाटतात. पण ब्लू मॉरमॉनचा सुरवंट लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, रानातल्या माकडलिंबासारख्या झुडपांवर वाढतो. या झुडपाला ना लाकूड म्हणून किंमत, ना शोभेची म्हणून. रस्ता रुंद करताना, रिसॉर्टची हिरवळ तयार करताना ‘झाडोरा’ म्हणून पहिल्यांदा साफ होते ते हेच. त्या हिरवळीवर मग फुलझाडे लावतात. फुलपाखरे मध प्यायला येतातही काही दिवस, आणि पाहुण्यांना वाटते, सारे ठीक आहे.

म्हणून ठिकाण निवडताना मी जातींचा आकडा शेवटी विचारतो. आधी विचारतो ते असे: तिथले रान झुडपांसकट शिल्लक आहे का? वाट दाखवणारा त्याच गावचा आहे का, आणि त्याला फुलपाखरांच्या नावांबरोबर झाडांची नावे येतात का? चांगल्या छायाचित्रासाठी तिथे ओल्या मातीवर बसलेला थवा उडवतात की त्याची वाट पाहतात? आणि शेवटचा प्रश्न स्वतःलाच: याच वाटेवर मी पावसाच्या तोंडाशी, पाऊस सरल्यावर आणि थंडीत असा तीनदा येऊ शकेन का? दूरच्या एका भव्य यात्रेपेक्षा जवळच्या तीन साध्या फेऱ्यांत फुलपाखराचे आयुष्य अधिक दिसते. अंडे एका फेरीत, सुरवंट दुसरीत, पंख तिसरीत.

मेक्सिकोला जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. तिथल्या गावांना त्या तिकिटांच्या पैशाची गरज आहे. पण जाणाऱ्याने परतल्यावर आपल्या बांधावरची रुई उपटू नये. बेल १९२० साली मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून मुख्य अधिकारी म्हणून निवृत्त झाला. त्याच्या बरोबरीचे बहुतेक अधिकारी निवृत्तीनंतर बोटीने विलायतेला परतत. त्याने कारवार निवडले, आणि १९४८ साली तिथेच तो वारला. उरलेली अठ्ठावीस वर्षे तो त्याच रानातली पाने उलटून पाहत होता.