‘मी अशीच आहे’ : प्रस्तावना

गॅसवरचं दूध उतू जातं. ओट्यावर पसरतं, बर्नरच्या भोकांत शिरतं, घरभर करपट वास सुटतो. घटना एवढीच, चार-पाच सेकंदांची. पण ओल्या फडक्यानं ओटा पुसून होईपर्यंत आत भलतंच काही सुरू झालेलं असतं : माझं लक्षच नसतं, मी पहिल्यापासून वेंधळी, आई तेव्हाच म्हणायची, ऑफिसातही परवा हेच झालं, माझ्या हातून कुठलंच काम धड होत नाही. उतू गेलं ते अर्धा लिटर दूध. त्यावर उभी राहिली ती तीस वर्षांची कहाणी.

हे पुस्तक दूध आणि कहाणी यांच्यामधल्या अंतराविषयी आहे. या अभ्यासक्षेत्राला मराठीत अजून पक्कं नाव मिळालेलं नाही, आणि मला त्याची फारशी खंतही नाही. पालीचे अभ्यासक, योगदर्शन शिकवणारे, मानसोपचार करणारे आणि मेंदूची चित्रं काढणारे असे चार वेगवेगळ्या ओसऱ्यांवर बसलेले लोक एकाच गोष्टीकडे बघत आहेत : माणूस स्वतःला स्वतःविषयी जे सतत सांगत असतो, ते सांगणं जरा सैल होऊ शकतं का, आणि झालं तर नेमकं काय होतं. ओसऱ्या शेजारी असल्या तरी जाणं-येणं कमी आहे. वाचकाला चारही ठिकाणी थोडा वेळ बसता यावं, एवढीच या पुस्तकाची खटपट आहे.

सुरुवात एका शब्दानं करते. ‘प्रपंच’ म्हटलं की आपल्याला घरसंसार आठवतो : किराणा, मुलांच्या फिया, सोसायटीचा मेंटेनन्स. पालीत ‘पपञ्च’ म्हणजे मनाचा पसारा, एका अनुभवातून विचारांना फुटत जाणारे फाटे. मज्झिमनिकायातलं अठरावं सुत्त, मधुपिंडिक, याच विषयावर आहे. बुद्धानं थोडक्यात सांगितलेलं महाकच्चान उलगडून सांगतो. डोळा, समोरचं रूप आणि त्याची जाणीव एकत्र आली की स्पर्श होतो, स्पर्शातून वेदना उपजते, मग ओळखणं, मग विचार, मग पसारा. इथे मराठी वाचकानं ‘वेदना’ या शब्दाशी क्षणभर थांबावं. पालीत ती दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली कुठलीही संवेदना म्हणजे वेदना.

सुत्तातल्या या परिच्छेदाची खरी गंमत क्रियापदांत आहे. श्रीलंकेचे भिक्षू ञाणानंद यांनी 1971च्या आपल्या ग्रंथात ती बारकाईनं दाखवली. वेदनेपर्यंत वाक्यांना कर्ताच नाही. गोष्टी नुसत्या घडतात. वेदनेनंतर एकाएकी कुणीतरी येऊन बसतो : तो अनुभवतो, तो ओळखतो, तो विचार करतो. आणि शेवटी वाक्य पुन्हा उलटतं. आता पसाराच त्या माणसावर चालून येतो. कर्ता नव्हता, मग आला, मग त्याचंच कर्म झालं. स्वतःच्या कहाणीत माणूस कसा सापडतो याचं याहून नेमकं वर्णन माझ्या वाचनात नाही, आणि ते केवळ व्याकरणातून केलेलं आहे.

मराठीतही ही सोय आहे, आपण ती वापरून वापरून विसरलो आहोत. आपण म्हणतो : मला राग आला, मला भूक लागली, मला रडू फुटलं, मला आठवलं. राग येतो, भूक लागते. ‘मला’ म्हणजे ती येऊन टेकण्याची जागा. आलेला राग जातोही. पण ‘मी रागीट आहे’ म्हटलं की पाहुण्याच्या नावानं घराची पाटी झाली. ध्यानाच्या शिकवणीतली निम्मी मेहनत दुसऱ्या वाक्याकडून पहिल्याकडे परत येण्याची असते. वर्गात मी हे सांगते तेव्हा विद्यार्थी हसतात, आणि मग आठवडाभर एकमेकांची वाक्यं पकडत फिरतात. त्याला माझी हरकत नसते.

असाच आणखी एक शब्द : अस्मिता. वर्तमानपत्रात ती दुखावली जाते, सभेत ती जागवली जाते. पतंजलीनं मात्र तिला पाच क्लेशांच्या यादीत अविद्येच्या पाठोपाठ बसवलं आहे. पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं, असा तिचा त्याच्याकडचा अर्थ. एका क्लेशाचं आपण अभिमानगीत कसं केलं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणी तरुण अभ्यासकानं घ्यावाच.

आता बसण्याविषयी. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ब्रह्मदेशात शिकून सत्यनारायण गोएंका 1969 साली भारतात आले, आणि पुढे इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यनेचं मोठं केंद्र झालं. तिथलं दहा दिवसांचं वेळापत्रक अनेक मराठी घरांत कुणी ना कुणी अनुभवलेलं असतं : पहाटे चारची घंटा, मौन, वही-पेन बंद, पहिले तीन दिवस फक्त श्वास. चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसायचं ‘अधिष्ठान’. माझा उजवा गुडघा विसाव्या मिनिटाला बोलू लागला. तो ठणकत होता हे खरं. पण त्याहून मोठ्यानं बोलत होती ती मी : सगळे कसे शांत बसलेत, मलाच जमत नाही, मला कधीच काही शेवटपर्यंत जमत नाही, संगीताचा क्लासही तिसऱ्या परीक्षेला सोडला. गुडघ्यापासून हार्मोनियमपर्यंत! मग केव्हातरी, कंटाळून म्हणा, मी गुडघ्याकडेच पाहिलं. तिथे ठणका होता, उष्णता होती, मधेच काही सेकंद काहीच नव्हतं, पुन्हा ठणका. त्यात हार्मोनियम कुठेच नव्हती. दिव्य वगैरे काही घडलं नाही. पुढच्या मिनिटाला कहाणी परत आली, पण यावेळी ती येताना दिसली. शिबिरातून मी एवढंच घेऊन आले, आणि ते पुरेसं आहे असं माझं मत आहे.

प्रयोगशाळेचं म्हणणं थोडक्यात सांगते, कारण तिच्यासाठी पुस्तकात तीन प्रकरणं आहेत. हातात काम नसतानाही मेंदूचे काही भाग ठरावीक रीतीनं जागे असतात, हे मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी 2001 साली मांडलं. भूतकाळ उगाळणं, उद्याची चिंता, ‘लोक काय म्हणतील’ यांच्याशी त्या भागांचा संबंध असल्याचं पुढे दिसत गेलं. टोरांटोत नॉर्मन फार्ब यांच्या गटानं 2007 साली लोकांना स्वभावाची विशेषणं वाचायला दिली. एकदा ‘हे माझ्याविषयी काय सांगतं’ असा विचार करायचा, एकदा फक्त आत्ता काय जाणवतंय ते पाहायचं. आठ आठवडे सजगतेचा सराव केलेल्यांच्या मेंदूत या दोन रीती एकमेकींपासून सुट्या झालेल्या दिसल्या. न केलेल्यांत त्या गुंतलेल्याच राहिल्या. प्रयोग मोजक्या माणसांवरचा होता, हे विसरू नये. उपचाराच्या बाजूनं टीझडेल, सीगल आणि विल्यम्स यांचं 2000 सालचं काम अधिक वजनदार आहे. नैराश्यानं तीन किंवा अधिक वेळा गाठलेल्या रुग्णांत अशा सरावानं ते उलटण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. दोनदाच आजारी पडलेल्यांत मात्र फायदा दिसला नाही. कहाणी जितकी घोटलेली, तितका तिच्यापासून एक पाऊल मागे सरण्याचा उपयोग, असा मी त्याचा अर्थ लावते. दुसरेही अर्थ लावले जातात.

ध्यान म्हणजे सर्वांवरचा काढा, असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. ब्रिटनमधल्या शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 साली आले. सजगतेच्या तासांनी मुलांचं मन नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक सुदृढ झालं, असं आढळलं नाही. आणि काहींना ध्यानात भीती, झोप उडणं, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं असे त्रास होतात, हे विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांनी 2017 साली नोंदवलेलं आहे. अशा वेळी शिकवणाऱ्यानं ‘आणखी बसा’ म्हणणं हा गुन्हा आहे. थांबावं आणि डॉक्टरांकडे जावं.

एक आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘स्वतःची कहाणी सोडा’ हे कोण कुणाला सांगतंय? ज्यांची कहाणी हजारो वर्षं दुसऱ्यांनीच सांगितली, त्यांना आधी ती आपल्या तोंडानं सांगू द्या. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखो माणसांनी बुद्धाकडे जाताना ज्या 22 प्रतिज्ञा घेतल्या, त्या बहुतेक सगळ्या ‘मी’च्या तोंडच्या आहेत. म्हणजे त्याच बुद्धाच्या वाटेवर एके ठिकाणी ‘मी’ सैल होतो आणि दुसऱ्या ठिकाणी ताठ उभा राहतो. मला यात विसंगती दिसत नाही. लादलेली कहाणी टाकायची तर ती आधी कहाणी म्हणून दिसावी लागते, नशीब म्हणून नव्हे. 1978 साली आलेलं ‘बलुतं’ पुन्हा काढून बघा. तिथे दगडू मारुती पवार आपली हकिगत दया पवारांना सांगतो. माणूस एकच, पण सांगणारा आणि ऐकणारा असे दोघं समोरासमोर बसलेले. साक्षीभावावर लिहिताना आमचे विद्वान उपनिषदांकडे धावतात, आणि हाताशी असलेलं हे पुस्तक मात्र त्यांना आठवत नाही.

प्रकरणं क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. मेंदूची चित्रं कंटाळवाणी वाटली तर खुशाल सोडा आणि मागाहून या. पण पहिलं प्रकरण, पाली शब्दांचं, सोडू नका. पाली येत नसली तरी चालेल. मराठी येणाऱ्याला त्यातले निम्मे शब्द ओळखीचे वाटतील. जे ओळखीचे वाटतील, तेच जरा जपून वाचा.