नेसू की घालू?

इंग्रजीतलं ‘वेअर’ फार उदार. टोपी, पँट, चष्मा, अत्तर, चेहऱ्यावरचं हसू, सगळं एकाच क्रियापदात. वर टायर झिजला तरी तेच. कंबोडियातल्या ख्मेर भाषेला हे चालत नाही. कमरेला गुंडाळायचा सांपोत किंवा पँट असेल तर ‘स्लिएक’; सदरा, टोपी, घड्याळ असेल तर ‘पेअक’. गंमत म्हणजे बूटही ‘पेअक’च, पाय कमरेखाली असले तरी! दोन्हींत ‘म’ची भर घालून कपड्यांना ‘सम्लिएक-बम्पेअक’ म्हणतात.

ख्मेरचं कुळ ऑस्ट्रो-आशियाई, आपलं निराळं. तरी ही शिस्त ओळखीची वाटते. लुगडं, धोतर आपण नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. ‘साडी घातली’ ऐकलं की माझ्या तरी कपाळाला आठी पडते. हे ‘नेसणे’ आलं संस्कृत ‘नि + वस्’वरून, ‘वस्त्र’ही त्याच ‘वस्’चं. आणि ‘वेअर’चं मूळही तेच! जर्मानिक भाषांत जुन्या ‘स’चा ‘र’ झाला, म्हणून चटकन ओळख पटत नाही, एवढंच. लॅटिनच्या ‘वेस्टिस’ने, म्हणजे वस्त्राने, तो ‘स’ अजून जपलाय.