पिनाकबेत: अंगच्या पाण्यात शिजलेला इतिहास

फिलिपिन्सच्या लुझोन बेटाच्या वायव्येला इलोकोस नावाची, डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. वर्षातले कित्येक महिने कोरडे. इथली माणसे काटकसरीसाठी प्रसिद्ध. त्यांची रोजची भाजी म्हणजे पिनाकबेत. नावाचा अर्थच मुळी 'आकसलेली, सुरकुतलेली'.

कारली, वांगी, भेंडी, टोमॅटो भांड्यात घालायचे. वर आंबवलेल्या मासळीचे खारट 'बागोओंग'. पाणी अगदी थोडे. डाव घालून ढवळायचे नाही, भांडेच हलवायचे. भाज्या अंगच्या पाण्यात शिजून आकसतात.

ही तर आपल्याच मंडईतली पिशवी, असे वाटेल. पण यातली कारली-वांगी आशियातली असली, तरी टोमॅटो अमेरिकेतला. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मेक्सिकोतले अकापुल्को आणि मनिला यांच्यामध्ये ये-जा करीत. येताना चांदी, जाताना रेशीम. या व्यापाराबरोबर अमेरिकेतली पिके फिलिपिन्समध्ये रुजली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी मिरची आणली, तसेच हे. टागालोग लोक पिनाकबेतमध्ये लाल भोपळा घालतात, तोही मूळचा अमेरिकेचाच. राज्यकर्ते गेले, भाज्या राहिल्या.

आता गुणांचे पाहू. पाणी ओतून टाकायचे नसल्यामुळे त्यात उतरलेली सत्त्वे रसातच राहतात. कारल्यात क जीवनसत्त्व आणि फोलेट, भेंडीत चोथा. भोपळ्यातल्या केशरी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, आणि ते अंगी लागायला थोडी चरबी लागते. ती डुकराच्या मांसाच्या दोन-चार तुकड्यांतून मिळते. दोष एकच: बागोओंगचे मीठ. रक्तदाब असणाऱ्यांनी हात आखडलेला बरा.

फिलिपिन्सच्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींत कारल्याचाही समावेश आहे. त्याचा चहा आणि गोळ्या मधुमेहींसाठी विकल्या जातात. परंतु कारल्याने साखर खात्रीने आटोक्यात राहते, हे अजून पुरेसे सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांचे औषध सोडून त्याच्या मागे लागणे धोक्याचे.

इलोकोसच्या गृहिणीने कारले औषध म्हणून कधी शिजवले नाही. परसात जे पिकले ते तिने एकत्र केले आणि वाफेचा थेंबही वाया घालवला नाही. पिनाकबेतचा गुण त्या सबंध भांड्यात आहे, एकट्या कारल्यात नाही. तो गोळीत कसा भरणार?