ताथवडे

पुणे जिल्ह्यातील मूळचे शेतीचे गाव. २००९ पासून पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत. पवना व मुळा यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले. वाकड, पुनावळे व मारुंजी ही शेजारची गावे. कात्रज-देहूरोड बाह्यवळण महामार्ग येथून जातो. याच नावाचे दुसरे गाव फलटण तालुक्यात (जि. सातारा) संतोषगडाच्या पायथ्याशी आहे.

ताथवड्याची वाढ हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे झाली, असे सर्रास मानले जाते. घरांच्या मागणीपुरते ते खरे आहे. पण गावाची आजची ठेवण त्यातून उलगडत नाही. ती ठरवण्यात जमिनीची मालकी आणि हद्दीचा इतिहास यांचा वाटा अधिक दिसतो. राज्याच्या पशुसंवर्धन यंत्रणेचे वळूमाता प्रक्षेत्र येथे आहे. निवडक, भरपूर दूध देणाऱ्या गाई सांभाळायच्या आणि त्यांच्या गोऱ्ह्यांतून कृत्रिम रेतनासाठी वळू निवडायचे, हे अशा प्रक्षेत्राचे काम. त्यासाठी गोठ्यांबरोबर वैरणीची विस्तीर्ण जमीनही लागते. ही जमीन सरकारी असल्याने खासगी शेतांसारखी गुंठ्यागुंठ्याने विकली गेली नाही. दुसरे कारण हद्दीचे. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या महानगरपालिकेत वाकड, पुनावळे, रावेत ही गावे १९९७ च्या हद्दवाढीत आली. ताथवडे मात्र आणखी बारा वर्षे ग्रामपंचायतीच्या कारभारात राहिले. नंतर त्याच्यासाठी वेगळा विकास आराखडा करावा लागला. हद्द ही कागदावरची रेघ, बाजार तिला जुमानत नाही, असा आक्षेप यावर घेता येईल. महाविद्यालये समावेशाआधीच आली, हे त्याला पूरकच आहे: राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय २००१ चे. परंतु इमारत उभी राहण्यास हद्द आड येत नसली, तरी रस्त्याची रुंदी, सांडपाणी आणि आरक्षणे कोणी व केव्हा ठरवायची, हे हद्दीवरच अवलंबून असते. आराखड्याआधी उभ्या राहिलेल्या बांधकामांना आरक्षणे मागाहून वळसा घालतात. म्हणून हिंजवडीची ओढ वाकडला आणि ताथवड्याला सारखी मानली, तरी दोन्हींच्या नियोजनाचा क्रम सारखा धरता येत नाही.

देवस्थान : नृसिंह मंदिर.