नवाची साक्ष

पाटीपेन्सिलीच्या दिवसांत गुणाकाराचा ताळा नवाने पाहत. ४७ गुणिले २३, उत्तर १०८१. आता अंकांच्या बेरजा घ्या: ४ व ७ अकरा, म्हणजे २, २ व ३ पाच, बे पंचे दहा, म्हणजे १. इकडे १०८१ चीही बेरीज दहा, म्हणजे १. ताळा जमला! दहा, शंभर, हजार यांना नवाने भागले की १ च उरतो. सारे इंगित त्यातच.

ही युक्ती दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्ता’त, सुमारे इ. स. ९५० मध्ये, आढळते. १४७८ साली इटलीतील त्रेव्हिझो येथे छापलेल्या अंकगणितातही ती आहे.

पण हा साक्षीदार भोळा आहे. घाईत १०८१ चे १८०१ झाले, तरी नऊ मान डोलावतोच! मात्र दोहोंतील फरक पाहा: ७२०, म्हणजे नवाच्या ऐंशी पट. अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्याच पटीत येतो. म्हणून जमाखर्च जुळेना आणि तफावतीला नवाने भाग जाऊ लागला, की मुरलेला हिशेबनीस आधी उलटसुलट पडलेले अंक शोधतो. ज्या नवाने चूक झाकली, तोच तिचा माग सांगतो.

वाचकहो, पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा या जुन्या साक्षीदाराला जरूर बोलवा. पण उलटतपासणी घ्यायला विसरू नका!