दंतक्षयाचा आम्लवाद : मिलर ते व्हीपेहोल्म

दात 'किडला' असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत एका पुरातन समजुतीचाच उच्चार करीत असतो. दातात किडा शिरून तो पोखरतो, ही कल्पना प्राचीन बाबिलोनियापासून युरोपापर्यंत रूढ होती. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने ती अमान्य केली. परंतु किडा नव्हे तर काय, याचे प्रयोगसिद्ध उत्तर मिळण्यास दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

ते उत्तर बर्लिन येथे अध्यापन करणाऱ्या विलोबी डेटन मिलर (१८५३–१९०७) या अमेरिकन संशोधकाने दिले. काढलेले दात त्याने पाव व लाळ यांच्या मिश्रणात शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानात ठेवले. दातांतील चुना विरघळू लागला. लाळ आधी उकळून घेतली असता मात्र दातांस काहीच झाले नाही. पावाऐवजी चरबी वापरली, तरीही दात शाबूत राहिले. उकळलेल्या लाळेचा हा पडताळाच, आमच्या मते, सर्व प्रयोगाचा प्राण होय. कारण केवळ अन्न नव्हे, तर लाळेतील सजीव जंतू पिष्ट व शर्करा आंबवून जे आम्ल निर्माण करतात, तेच दात झिजविते, हे त्यावरून ठरले. १८९० साली त्याचा ग्रंथ इंग्रजीत आला.

तथापि एक शंका उरली. आम्ल जर साऱ्या मुखात असेल, तर क्षय ठराविक जागीच का व्हावा? त्याच दशकात ब्लॅक व विल्यम्स यांनी दातास चिकटलेल्या जंतूंच्या बुळबुळीत थराकडे लक्ष वेधले. मिलरने त्यास फारसे महत्त्व दिले नाही, ही त्याची चूक होय. पुढे १९४० च्या सुमारास स्टीफन याने याच थरातील आम्लता मोजली. ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरताच काही मिनिटांत तेथील पीएच ५.५ च्या खाली, म्हणजे दंतवल्क विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे, जातो. पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. अर्थात साखर किती खाल्ली, यापेक्षा किती वेळा खाल्ली व ती किती वेळ चिकटून राहिली, हे अधिक निर्णायक ठरणार होते.

याचा मानवी पुरावा स्वीडनमधील लुंडजवळील व्हीपेहोल्म रुग्णालयात मिळाला. १९४५ नंतरच्या त्या प्रयोगात मतिमंद रुग्णांच्या काही गटांस जेवणांच्या मधल्या वेळी चिकट टॉफी देण्यात आली. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांत क्षय थोडाच वाढला. टॉफी खाणाऱ्यांत तो झपाट्याने वाढला. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मुलांना गोड पदार्थ आठवड्यातून एकदाच द्यावेत, असा उपदेश स्वीडनमध्ये रूढ झाला. त्या रुग्णांची संमती घेतलेली नव्हती. त्यांचे पोखरले गेलेले दात पुन्हा भरून येणारे नव्हते.