शेगडीची ऊब आणि तहानलेली हवा



शीत देशांतील माणूस हिवाळ्यांत मोठ्या कष्टानें घर उबदार करतो. पण त्या उबेबरोबर दुसराच एक त्रास घरांत शिरतो. ओंठ फुटतात, घसा सुकतो, नाकांतून रक्त येतें, लांकडी सामानाचे सांधे उकलतात. आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. तथापि आपलीं कित्येक माणसें आज कॅनडांत व जर्मनींत संसार करीत आहेत. म्हणून या त्रासाचा उलगडा कसा झाला, तें पाहूं.

इंग्लंडांत पूर्वी उघडी चूल असे. तिची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे निघून जाई. पुढें बसणाराचें तोंड भाजे आणि पाठ गारठे. खोली फारशी तापतच नसे. मग लोखंडी शेगड्या सुधारत गेल्या. बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या शेगडीचें वर्णन इ. स. १७४४ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध केलें. तापलेलें लोखंड हवा बिघडवतें, असा तेव्हां आक्षेप होता. दुर्गंधी लोखंडाची नसून त्यावरील घाणीची व थुंकीची आहे, असें त्याचें उत्तर होतें. उत्तर मार्मिक खरें. परंतु कोरडेपणाचें कारण त्यानें कळत नव्हतें.

त्यासाठीं हवेंतील ओलावा मोजणें अवश्य होतें. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनीं १७८३ सालीं आर्द्रतेवरील ग्रंथांत केसाच्या आर्द्रतामापकाचें वर्णन केलें. सोड्याच्या पाण्यांत उकळून तेलकटपणा काढलेला माणसाचा केस दमट हवेंत लांबतो व कोरड्या हवेंत आखडतो. त्याला जोडलेला कांटा त्याप्रमाणें फिरतो.

पुढें मोजमाप सूक्ष्म झालें आणि मर्म उमगलें. शेगडी हवेंतील पाणी जाळीत नाहीं. ती हवेची तहान वाढविते. ० अंश सेंटिग्रेडच्या एक घनमीटर हवेंत फार तर ४·८ ग्रॅम वाफ मावते. २० अंशांस १७·३ ग्रॅम. बाहेरची पूर्ण दमट हवा घरांत येऊन इतकी तापली, कीं पाणी तेवढेंच राहतें. परंतु सापेक्ष आर्द्रता १०० वरून २८ टक्क्यांवर येते. बाहेर उणें १० अंश असतील, तर १४ वर. मग ती हवा आपली तहान कातडी, घसा व लांकूड यांवर भागविते. २००७ मध्यें न्यूयॉर्क येथें गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांत इन्फ्लुएंझाही कोरड्या हवेंत अधिक सहज पसरला.

शेगडीवर पाण्याचें भांडें ठेवण्याची जुनी चाल त्यामुळें शहाणपणाचीच ठरते. मात्र वाटीभर पाणी पुरत नाहीं. ५० घनमीटरांच्या खोलींत २८ टक्के आर्द्रता ४५ वर नेण्यास सुमारें १५० ग्रॅम वाफ लागते; फटींतून नवी हवा येतच राहिल्यानें ती पुनःपुन्हा पुरवावी लागते. उलट अति ओलावा थंड भिंतींवर बुरशी आणतो. तेव्हां आधीं उष्णता थोडी कमी करावी, फटी बुजवाव्या, आणि मगच बेताचें पाणी द्यावें. परदेशीं असलेल्या आपल्या मुलांना एवढें जरूर कळवावें.